फत्तेखेर्ड्याची लढाई, साखरखेर्ड्याची मैफल

बुलडाणा जिल्ह्याचा इतिहास लिहायला बसलेला माणूस साखरखेर्ड्यापाशी थांबतोच. सिंदखेडराजा तालुक्यातल्या या गावाच्या शिवारात ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल्-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांची गाठ पडली. मुबारिजखानाला दिल्ली दरबाराची आतून फूस होती. निजामाच्या मदतीला बाजीराव पेशव्यांची फौज होती. मुसलमान सुभेदाराविरुद्ध मुसलमान निजाम, आणि त्याच्या बाजूने मराठे! इतिहासाला धर्माच्या दोन रकान्यांत बसवू पाहणाऱ्यांची इथे अडचण होते. मुबारिजखान मारला गेला, दख्खनमध्ये निजामाची सत्ता पक्की झाली आणि विजयाची आठवण म्हणून गावाला 'फत्तेखेर्डा' हे नाव मिळाले.

पण आज ते नाव ग्रंथांतच सापडते. फत्ते सरकारदप्तरी गेली, साखर लोकांच्या तोंडी राहिली.

या गावाची दुसरी ओळख तलवारीची नाही. रामदासी परंपरेतल्या प्रल्हाद महाराजांचे हे गाव. आणि मराठी कवितेच्या वाचकाला ते ठाऊक आहे अजीम नवाज राही यांचे गाव म्हणून. 'व्यवहाराचा काळा घोडा', 'कल्लोळातला एकांत' या संग्रहांचा हा कवी मराठीत लिहितो आणि कविसंमेलनाच्या सूत्रसंचालनासाठीही ओळखला जातो. मुशायऱ्यात या कामाला निजामत म्हणतात. निजाम, निजामत आणि नज्म हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. मोती ओवणे, नीट मांडणे हा त्याचा मूळ अर्थ. निजामाने जिथे राज्य मांडले, त्याच मातीतला कवी मैफल मांडतो.

ही मैफल वऱ्हाडात अचानक उगवलेली नाही. आपल्याकडच्या बहुतेक मुस्लीम घरांत दखनी वळणाची उर्दू आणि उंबऱ्याबाहेर वऱ्हाडी मराठी, अशी दोन भाषांची ये-जा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. उर्सातली कव्वाली ऐकायला भजनी मंडळातली माणसे बसतात. गावच्या सप्ताहात मंडप घालणारे, दिवाबत्ती बघणारे हात कित्येकदा आपल्यातले असतात. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्याची यात्रा तर भरतेच होळीच्या सुमारास. तिथे नारळांची होळी पेटते आणि त्याच यात्रेत संदलही निघतो. तिथल्या अंधश्रद्धांवर जरूर बोलावे, बोललेच पाहिजे. पण दर्ग्याची यात्रा फाल्गुनाच्या हिशोबाने भरते, हेही नोंदवायला हवे.

मागे गेले तर धागा आणखी लांब जातो. सिंदखेडच्या लखुजी जाधवांची लेक जिजाऊ भोसल्यांच्या घरी सून म्हणून गेली. तिचे सासरे मालोजीराजे. त्यांच्या मुलांची शहाजी आणि शरीफजी ही नावे अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) शाह शरीफ या पीरावरून ठेवल्याचे इतिहास सांगतो. याच मालोजींनी श्रीगोंद्यात शेख महंमदांना आश्रय दिला, मठ बांधून दिला. 'योगसंग्राम' हा मराठी ग्रंथ १६४५ मध्ये पुरा झाला तो या शेख महंमदांच्या हातून. एका मराठा सरदाराने दिलेली जागा आणि एका मुसलमान संताची ओवी. गावातल्या कलेच्या जागा अशाच उभ्या राहतात. एकाची जमीन, दुसऱ्याचा शब्द, तिसऱ्याचा आवाज.

अलीकडच्या काळातले उदाहरण मेहकरचे आहे. तिथे वकिली करणारे ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) यांची 'शीळ' ही कविता गायक जी. एन. जोशी यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी गायली. तिची ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचली आणि मराठी भावगीताची वाट रुंद झाली. 'शीळ' हा संग्रह मात्र १९५४ साली निघाला. म्हणजे पुस्तकाच्या वीसेक वर्षे आधी कविता आवाजाच्या खांद्यावर बसून गावोगाव फिरली होती. पुढे वऱ्हाडातल्याच अमरावतीच्या सुरेश भटांनी फारसी-उर्दूची गझल मराठीत रुजवली, नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली. मुशायऱ्यातली दाद मराठी व्यासपीठावर आली. शेताच्या कडेला उभा राहून कविता ऐकणारा शेतकरीही 'क्या बात है' म्हणू लागला. कोणी कोणाकडून काय घेतले, याचा हिशोब मग लावता येत नाही.

हिशोब लावता येत नाही हे प्रेमाच्या दृष्टीने ठीक. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ते महागात पडते. १७२४ च्या लढाईची तारीख आहे, सरदारांची नावे आहेत. गावच्या मैफलीचे काय? कोणत्या उर्सात कोणती पार्टी आली, पाराजवळच्या कविसंमेलनात कोणी वाचले, ढोलकी कोणाची होती, वर्गणी कोणी दिली, यांतले फारच थोडे कागदावर येते. हँडबिले रद्दीत जातात. कव्वालाची वही त्याच्या मागे घरात कोणी वाचत नाही. मग एक दिवस कोणीतरी विचारतो, मराठी संस्कृतीत तुमचा वाटा काय? आणि आपण शेख महंमद, शाहीर अमर शेख अशी चार मोठी नावे सांगून गप्प बसतो. नावे खरीच मोठी आहेत. पण ज्या हजारो बैठकांवर ती उभी राहिली, त्यांचा पुरावा आपल्या हातात नसतो.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे हीच टोचणी होती. आपण मराठीत लिहितो, हे आपल्यालाच आधी सांगावे लागले. संमेलनांनी लेखकांची नोंद केली. आता गावांची नोंद व्हायला हवी. त्यासाठी अनुदान लागत नाही की विद्यापीठ लागत नाही. दर्ग्याच्या कमिटीने, वाचनालयाने, उर्दू आणि मराठी शाळेच्या गुरुजींनी मिळून एक जाड वही घालावी. तारीख, जागा, गाणारा, वाजवणारा, निजामत करणारा, मंडप घालणारा, एवढेच लिहावे. वही दोन्ही मोहल्ल्यांत फिरावी आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींनी तिची पहिली पाने भरावीत. ती माणसे आहेत तोवरच हे होणार आहे.