खडीसाखर आणि प्लॅटिनम

मला स्वतःची अशी काही 'लाइफस्टाइल' आहे, हे गेल्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हतं. एका दुपारी जेवण करून नुकता आडवा झालो होतो, तोच फोन वाजला आणि पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "सर, तुमच्या लाइफस्टाइलला शोभेल असं रिवॉर्ड कार्ड आम्ही खास तुमच्यासाठी निवडलंय." मी उठूनच बसलो. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात कोणी माझ्यासाठी काही 'खास निवडल्याचा' प्रसंग एकच, आणि ती निवड माझ्या वडिलांनी केली होती. ती निवड या वेळी शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत होती.

"कोण होतं हो?"

"माझ्या लाइफस्टाइलबद्दल विचारत होते."

"मग सांगितलंत का, दोन ते चार झोपता म्हणून?"

बँकेने पाठवलेल्या माहितीपत्रकात माझी लाइफस्टाइल छापूनच आली होती. मी म्हणे वर्षातून आठ वेळा विमानतळाच्या लाऊंजमध्ये बसणार, महिन्याला दोनदा गोल्फ खेळणार आणि परदेशात खरेदी केली की दुप्पट पॉइंट कमावणार. प्रत्यक्षात गोल्फच्या मैदानाशी माझा संबंध एवढाच, की आमची बस त्याच्या कुंपणाला लागून जाते. सकाळी पिशवी घेऊन दूध आणि भाजी, दुपारी वरील झोप, संध्याकाळी बागेतलं बाक आणि येताना साखरेच्या गोळ्या. म्हणजे साखर कमी व्हायच्या गोळ्या. या साऱ्याला एखादं प्लॅटिनम कार्ड शोभेल असं मला तरी वाटेना.

पण मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्याचा दुष्परिणाम असा, की कोणत्याही वस्तूचा उगम समजल्याशिवाय ती विकत घेणं मला जमत नाही. (मंडईत पडवळाच्या बाबतीत हा प्रयोग केल्यापासून भाजी आणायला ही स्वतः माझ्याबरोबर येते.) तेव्हा कार्ड घ्यायचं तर आधी त्याचं कुळ पाहायचं ठरवलं.

'क्रेडिट कार्ड' हा शब्द जन्मला तो बँकेत नव्हे, कादंबरीत. एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाच्या 'लुकिंग बॅकवर्ड' या १८८८ सालच्या कादंबरीचा नायक १८८७ साली झोपतो, तो थेट २००० साली जागा होतो. दुपारी झोपणाऱ्या माणसाला इतिहासात असा भक्कम आधार क्वचितच सापडतो. त्या नव्या जगात पैसाच नाही. राष्ट्राच्या उत्पन्नातला वाटा दर वर्षी प्रत्येकाच्या नावे जमा होतो आणि हातात पुठ्ठ्याचं क्रेडिट कार्ड मिळतं. खरेदी केली की कारकून त्यातून तेवढ्या किमतीचा भाग टोचून काढतो. बेलामीला पुढचं बरंच दिसलं; फक्त 'किमान देय रक्कम' ही गोष्ट त्या भल्या माणसाला सुचली नाही.

खरं कार्ड आलं १९५० साली, न्यूयॉर्कमध्ये, डायनर्स क्लबचं. तेही पुठ्ठ्याचंच. त्याची जन्मकथा सगळे सांगतात ती अशी, की फ्रँक मॅकनमारा नावाचे गृहस्थ हॉटेलात जेवले, बिल आलं आणि लक्षात आलं की पाकीट घरी राहिलंय. मग बायको पैसे घेऊन आली आणि या अपमानातून कार्ड जन्मलं. मला ही कथा पहिल्यांदा वाचताना फार आवडली, कारण पाकीट विसरण्यात माझाही हातखंडा आहे. पण त्यातून उद्योग निर्माण होतो हे नवीन होतं. पुढे कळलं, की ही गोष्ट रचलेली होती. कंपनीच्या प्रसिद्धीचं काम करणाऱ्या मॅटी सिमन्स यांनीच नंतर तसं सांगून टाकलं. आमच्या बखरकारांना आपण उगाच नावं ठेवतो.

त्याहून रंगतदार प्रकरण १९५८ सालचं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात बँक ऑफ अमेरिकेने साठ हजार लोकांना टपालाने चालू कार्डं धाडून दिली. अर्ज नाही, विचारपूस नाही. लग्नाची पत्रिका यावी तसं कार्ड दारात. शंभरातले चार थकवतील असा बँकेचा अंदाज होता, निघाले बावीस! पुढे १९७० साली अशी न मागता कार्डं पाठवायला अमेरिकेत बंदी झाली. आपल्याकडे डायनर्स क्लब १९६१ साली आला, काली मोदी यांनी आणला. त्यानंतर १९८० साली सेंट्रल बँकेने स्वतःचं कार्ड काढलं. त्या साली माझ्या खिशात एस.टी.चा पास होता आणि तोही एकाच मार्गावर चाले.

इथवर नुसती उधारी झाली. 'रिवॉर्ड' ही भानगड वेगळ्या घराण्यातली. १८९६ साली अमेरिकेत स्पेरी आणि हचिन्सन या जोडीने हिरवे स्टँप काढले. दुकानदाराने ते कंपनीकडून विकत घ्यायचे, गिऱ्हाइकाला दहा सेंटच्या खरेदीवर एक द्यायचा. बायकांनी ते चाटून वहीत चिकटवायचे. बाराशेंची वही भरली की कॅटलॉगमधून दिवा, टोस्टर, जे बसेल ते. हे वाचलं आणि मला आमची आई आठवली. चहाच्या पुड्यातली कुपनं ती डब्यात साठवायची. दीड वर्ष साऱ्या आळीला आग्रहाने दुसरा कप पाजून तिने एक स्टीलचा चमचा मिळवला. तो चमचा आम्हाला सतरा किलो साखरेला पडला असं वडील म्हणत. पण तो पाहुण्यांपुढे ठेवताना आईचा चेहरा पाहायला हवा होता.

१९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने मैल मोजायला सुरुवात केली, १९८६ साली 'डिस्कव्हर' कार्डाने खर्चाचे थोडे पैसे परत द्यायला सुरुवात केली, आणि मग शहाणी माणसं वेडी झाली. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरने मैलांची कुपनं मिळावीत म्हणून पुडिंगचे १२,१५० डबे विकत घेतले आणि बारा लाखांवर मैल कमावले. बारकोड सोलण्याच्या बदल्यात पुडिंग धर्मादाय संस्थेला देऊन टाकलं. त्याहून वरताण म्हणजे अमेरिकेच्या सरकारी टाकसाळीचा किस्सा. एक डॉलरची नाणी खपावीत म्हणून टाकसाळ ती घरपोच फुकट पाठवी. लोक कार्डावर हजारोंनी नाणी मागवत, पॉइंट खिशात घालत आणि तीच नाणी बँकेत भरून कार्डाचं बिल फेडत. २०११ साली टाकसाळीने कार्डावर ती नाणी विकणं बंद केलं. कर्ज काढून तूप प्यायला सांगणारा चार्वाक आपला. पण तुपावर पाच टक्के कॅशबॅक त्यालाही सुचला नव्हता.

एवढा अभ्यास झाल्यावर मी कार्ड घेतलं. अर्थात चुकीचं. चकचकीत, काळं, लाऊंजवालं. स्वर्ग हाही एक लाऊंजच. पुण्याचे पॉइंट संपले की खाली पाठवतात. मी मात्र खालीच होतो. पाच तारखेला त्या कार्डावर ३८,४०० रुपयांचा फ्रीज घेतला. वीस तारखेला बिल आलं, पुढच्या नऊ तारखेपर्यंत भरायचं होतं. त्यात दोन आकडे. एक मोठा, आणि एक लहान, 'किमान देय' १,९२०. मला वाटलं, ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत असेल. मी लहान आकडा भरला आणि समाधानाने झोपलो. बेलामीचा नायक पडला होता बरा.

पुढल्या बिलात व्याज होतं २,००८ रुपये, आणि त्या व्याजावर जीएसटी ३६१. एकदा पूर्ण रक्कम चुकली की व्याज खरेदीच्या दिवसापासून धरतात, हे बारीक अक्षरात होतं. आणि फ्रीजचे पॉइंट? ३८४. पॉइंटला पंचवीस पैसे धरून शहाण्णव रुपये. ही काही बोलली नाही. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, ती बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं हे मला कळतं. तिने आपल्या पाटल्यांच्या डब्यात ठेवलेले पैसे काढून मुकाट्याने टेबलावर ठेवले. त्यात नातीच्या बारशासाठी बाजूला काढलेलेही होते. तेव्हा मात्र मला इतिहास सुचला नाही.

रविवारी पुतण्या आला. त्याने वहीवर रेघ ओढून एकाच गोष्टीचा हिशेब मांडला, "काका, तुम्ही कार्ड घासलं की शंभरातले दीड-दोन रुपये दुकानदाराचे कापले जातात. तुमचे पॉइंट त्यातूनच येतात. दुकानदार ते भावात चढवतो."

"आणि रोख देणाऱ्यांना भाव कमी लावतो?" हिने विचारलं.

"छे! भाव सगळ्यांना एकच."

बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली हेच अमेरिकेपुरतं मोजलं होतं. रोखीने घेणारं घर वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात टाकतं आणि कार्डवालं घर १,१३३ डॉलर मिळवतं. पुतण्याने हे वाचून दाखवलं तेव्हा आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. आमच्या बाई कोपऱ्यावरच्या त्याच वाण्याकडून तेलाची तीच पिशवी नेतात, रोख मोजून.

"म्हणजे बाईंच्या तेलातला थेंब आपल्या कढईत येतो म्हणायचा," ही म्हणाली. त्या महिन्यापासून ती वाण्याला रोखच देते. त्याने बाईंचं तेल किती स्वस्त झालं, मला माहीत नाही. झालं नसावं.

काळं कार्ड परत केलं. आता आहे ते बिनफीचं, सरळ एक टक्का परत देणारं. लाऊंज नाही, गोल्फ नाही. वीजबिल, औषधं आणि वर्षातून एकदा रेल्वे, एवढ्यासाठीच ते बाहेर निघतं. निघालं की ही लाल वहीत लिहून ठेवते. ती वही पाहिली आणि मला मिरजेतला आमचा वाणी आठवला. महिनाभर वडिलांच्या नावावर त्याच्या वहीत मांडलं जाई, आणि एक तारखेला वडील मला बोटाला धरून हिशेब चुकता करायला नेत. वाणी शेवटच्या आकड्यावर आडवी रेघ मारी, मग बरणीत हात घालून माझ्या तळहातावर खडीसाखरेचा खडा ठेवी. महिनाभर माल नेताना कधी काही दिलं नाही त्याने. खडा मिळायचा तो फेडलं त्या दिवशीच.

हे मी हिला एकदा सांगितलं होतं, सांगून विसरलोही होतो. गेल्या महिन्यात कार्डाचं पूर्ण बिल भरलं, तिने वहीत आडवी रेघ मारली आणि आत गेली. परत आली ती मूठ मिटून. माझ्या हातावर खडीसाखरेचा एक टपोरा खडा ठेवला.

"घ्या, तुमचा रिवॉर्ड."

मी तो तोंडाकडे नेणार, तोच माझं मनगट धरून म्हणाली, "अहो, साखर दोनशेवर आहे ना तुमची? देवापुढे ठेवा."