रक्तनमुना संकलन

रक्तनमुना संकलन म्हणजे तपासणीसाठी व्यक्तीच्या शरीरातून योग्य पद्धतीने रक्त घेणे, ते योग्य नळीत भरणे, त्यावर ओळखपट्टी लावणे आणि ते प्रयोगशाळेपर्यंत सुस्थितीत पोहोचवणे. रक्त, रक्त तयार करणाऱ्या इंद्रिया आणि रक्ताचे विकार यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेस रक्तविज्ञान किंवा रक्तशास्त्र म्हणतात. या शाखेतील जवळजवळ प्रत्येक निदानाची सुरुवात रक्ताच्या नमुन्याने होते. आधुनिक यंत्रे काही सेकंदांत हजारो पेशी मोजतात. मात्र नमुनाच चुकीचा असेल तर यंत्र अचूकपणे चुकीचे उत्तर देते. प्रयोगशाळेतील चुकांपैकी बहुसंख्य चुका प्रत्यक्ष तपासणीच्या आधीच्या टप्प्यात, म्हणजे नमुना घेताना, भरताना, नोंदवताना किंवा नेताना होतात.

## रक्ताचे घटक

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते. हे प्रमाण शरीराच्या वजनाच्या साधारण 7 ते 8 टक्के भरते. रक्ताचा सुमारे 55 टक्के भाग पिवळसर द्रवाचा असतो. त्यास रक्तद्रव किंवा प्लाझ्मा म्हणतात. उरलेला भाग पेशींचा असतो. प्रौढांत या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात.

* तांबड्या पेशी : यांतील हिमोग्लोबिन हे लोहयुक्त प्रथिन फुफ्फुसांतून ऊतींपर्यंत प्राणवायू पोहोचवते. या पेशींचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असते.
* पांढऱ्या पेशी : या संसर्गापासून संरक्षण करतात. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल हे त्यांचे पाच मुख्य प्रकार होत.
* बिंबाणू किंवा प्लेटलेट : या पेशींच्या सूक्ष्म तुकड्यांमुळे रक्तस्राव थांबण्यास मदत होते. त्यांचे आयुष्य 7 ते 10 दिवसांचे असते.

रक्त गोठू दिल्यावर वर जो स्वच्छ द्रव उरतो त्यास रक्तरस किंवा सीरम म्हणतात. रक्तद्रवात गोठण्यास लागणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन असते, तर रक्तरसात ते गुठळीत वापरले गेलेले असते. कोणत्या चाचणीस अखंड रक्त, कोणत्या चाचणीस रक्तद्रव आणि कोणत्या चाचणीस रक्तरस लागतो, यावरून नळीची निवड ठरते.

## मूलभूत चाचण्या

संपूर्ण रक्तगणन, अर्थात सीबीसी, ही सर्वाधिक केली जाणारी चाचणी होय. तीत हिमोग्लोबिन, तिन्ही प्रकारच्या पेशींची संख्या आणि तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान कळते. प्रौढांत पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला साधारण 4,000 ते 11,000 आणि बिंबाणू 1.5 ते 4.5 लाख असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार हिमोग्लोबिन प्रौढ पुरुषांत 13, गर्भवती नसलेल्या स्त्रियांत 12 आणि गर्भवतींत साधारणतः 11 ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असल्यास त्यास रक्तक्षय किंवा ॲनिमिया म्हणतात.

तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान 80 ते 100 फेम्टोलिटर असते. लोहाच्या कमतरतेत व थॅलेसेमियात पेशी लहान होतात, तर ब-12 जीवनसत्त्व किंवा फोलेट यांच्या अभावी मोठ्या होतात. त्यामुळे रक्तक्षय आहे एवढेच नव्हे, तर तो कशामुळे असावा याचाही अंदाज याच चाचणीतून येतो.

रक्तविलेप, म्हणजे काचपट्टीवर पसरून रंगवलेला रक्ताचा पातळ थर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. भारतात त्यासाठी लिशमन रंजक मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. हिवतापाचे परजीवी, रक्ताच्या कर्करोगातील अपरिपक्व पेशी आणि विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी यात प्रत्यक्ष दिसतात. याखेरीज रक्तपेशींचा अवसादन दर, रक्त गोठण्याचा काळ मोजणाऱ्या चाचण्या आणि रक्तगट तपासणी यांचाही मूलभूत चाचण्यांत समावेश होतो.

## नमुना घेण्याचे मार्ग

शिरेतून घेतलेले रक्त बहुतेक चाचण्यांसाठी वापरले जाते. कोपराच्या पुढील खोबणीतील मध्य शीर त्वचेलगत असते व फारशी सरकत नाही, म्हणून तिला पहिली पसंती दिली जाते.

केशवाहिन्यांतून, म्हणजे बोटाच्या टोकास किंवा लहान अर्भकांच्या टाचेच्या कडेस टोचून, थेंबभर रक्त घेतात. प्रौढांत मधले बोट किंवा अनामिका निवडतात. पहिला थेंब पुसून टाकतात, कारण त्यात ऊतकद्रव मिसळलेला असतो. बोट पिळून रक्त काढल्यास हा द्रव अधिक मिसळतो आणि हिमोग्लोबिनची नोंद फसवी येऊ शकते.

धमनीतून रक्त प्रामुख्याने त्यातील प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड व आम्लता मोजण्यासाठी घेतले जाते. हे काम प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीच करते.

## शिरेतून रक्त घेण्याची पद्धत

प्रथम रुग्णास त्याचे पूर्ण नाव व दुसरी एखादी ओळख, उदाहरणार्थ जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक, स्वतः सांगण्यास सांगतात. "तुम्हीच अमुक का?" असा प्रश्न टाळला जातो, कारण घाबरलेली किंवा कमी ऐकू येणारी व्यक्ती कोणत्याही नावास होकार देऊ शकते. त्यानंतर उपाशीपोटी असण्याची आवश्यकता, चालू औषधे आणि पूर्वी रक्त देताना चक्कर आली होती का, याची विचारणा करतात.

हात धुऊन व हातमोजे घालून, टोचण्याच्या जागेपासून सुमारे चार बोटे वर दाबपट्टी बांधतात. ती एक मिनिटापेक्षा अधिक वेळ ठेवत नाहीत. त्वचा 70 टक्के अल्कोहोलने पुसून सुमारे 30 सेकंद पूर्ण वाळू देतात. ओल्या त्वचेतून सुई घातल्यास आग होते, जंतुनाश अपुरा राहतो आणि तांबड्या पेशी फुटू शकतात. त्वचा पुसल्यानंतर ती जागा पुन्हा बोटाने चाचपत नाहीत.

सुई 30 अंश किंवा त्याहून कमी कोनात घालतात. रक्त येऊ लागताच दाबपट्टी सैल करतात; सुई काढण्यापूर्वी ती सोडलेली असणे आवश्यक असते. सुई काढल्यावर कापसाने काही मिनिटे दाब देतात व हात सरळ ठेवण्यास सांगतात; कोपर दुमडल्यास रक्त त्वचेखाली साचून निळसर डाग पडू शकतो. नळीवरील ओळखपट्टी रुग्णासमोरच लिहितात.

## नळ्या व गोठणरोधके

नळीच्या बुचाचा रंग आतील रसायन दर्शवतो. एकाच वेळी अनेक नळ्या भरायच्या असल्यास, एका नळीतील रसायन दुसरीत जाऊ नये म्हणून ठरावीक क्रम पाळतात. जंतुसंवर्धनासाठी रक्त हवे असल्यास ती बाटली सर्वांत आधी भरतात. त्यानंतरचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

1. फिकट निळे बूच : सोडियम सायट्रेट, रक्त गोठण्याच्या चाचण्यांसाठी. एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त हे प्रमाण काटेकोर असते.
2. लाल किंवा सोनेरी बूच : गोठणरोधक नसते, रक्तरस मिळवण्यासाठी.
3. हिरवे बूच : हेपारिन, काही रासायनिक चाचण्यांसाठी.
4. जांभळे बूच : ईडीटीए, रक्तगणन व रक्तविलेप यांसाठी.
5. करडे बूच : फ्लोराइड व ऑक्झलेट, रक्तशर्करेसाठी.

ईडीटीए रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे रक्त गोठत नाही. या नळीत सामान्यतः त्याचा पोटॅशियम क्षार असतो. म्हणून जांभळ्या नळीतील रक्त लाल नळीत ओतल्यास अहवालात पोटॅशियम भरमसाट वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. असा रुग्ण प्रत्यक्षात ठणठणीत असूनही त्याच्यावर तातडीचे, प्रसंगी धोकादायक उपचार सुरू होऊ शकतात. नळी भरल्यावर ती हलवून न घुसळता हळुवारपणे उलटी-सुलटी करतात. ईडीटीए नळीसाठी हे 8 ते 10 वेळा करणे अपेक्षित असते.

## नमुना बिघडण्याची कारणे

* रक्तविघटन : बारीक सुई, जोराने ओढलेली सिरिंज किंवा जोरजोरात हलवलेली नळी यांमुळे तांबड्या पेशी फुटतात. रक्तरस लालसर दिसतो व पोटॅशियमचे मूल्य खोटे वाढते.
* गुठळी : नळी वेळेत न मिसळल्यास सूक्ष्म गुठळ्या होतात. बिंबाणू त्यांत अडकल्याने त्यांची संख्या कमी भरते. डेंग्यूच्या साथीत अशा अहवालामुळे रुग्ण व नातेवाईक विनाकारण घाबरतात.
* बिंबाणूंचे पुंजके : काही थोड्या व्यक्तींत ईडीटीएमुळेच बिंबाणू एकमेकांना चिकटतात. रक्तविलेप पाहिल्यावर ही बाब उघड होते. तेव्हा सायट्रेट नळीत नमुना पुन्हा घेतात.
* सलाईनची भेसळ : सलाईन चालू असलेल्या हातातून, सुईच्या वरच्या बाजूने, रक्त घेतल्यास ते पातळ होऊन हिमोग्लोबिन कमी दिसते.
* लांबलेली दाबपट्टी : पाणी ऊतींत झिरपल्याने पेशी व प्रथिने दाट होतात.
* विलंब व उष्णता : फ्लोराइड नसलेल्या नळीत पेशी शर्करा वापरत राहतात व ती दर तासाला साधारण 5 ते 7 टक्के घटते. उष्णतेत हा वेग वाढतो. रक्तविलेप शक्यतो दोन तासांच्या आत करतात.

## ओळख, रक्तगट व बॉम्बे रक्तगट

चुकीच्या नावाची ओळखपट्टी ही सर्वांत घातक चूक मानली जाते. रक्तगणनात तिने निदान चुकते; रक्तसंक्रमणात तिने रुग्णाचा जीव जाऊ शकतो. म्हणून रक्तगट तपासताना रुग्णाच्या तांबड्या पेशी आणि रक्तरस या दोहोंची स्वतंत्र चाचणी करतात व दोन्हींचे निष्कर्ष जुळल्यावरच गट निश्चित करतात.

या दुहेरी तपासणीचे महत्त्व दाखवणारे उदाहरण मुंबईतील आहे. 1952 साली वाय. एम. भेंडे, एच. एम. भाटिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट' या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तो पुढे जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जाऊ लागला. या व्यक्तींच्या पेशींवर ए व बी प्रतिजन नसतात, त्यामुळे केवळ पेशी तपासल्यास गट 'ओ' वाटतो. परंतु त्यांच्यात एच हे मूळ प्रतिजनही नसते आणि रक्तरसात त्याविरुद्धची प्रतिपिंडे असतात. त्यामुळे त्यांना 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. दिल्यास तीव्र, प्राणघातक प्रतिक्रिया होऊ शकते. रक्तरसाची 'ओ' पेशींबरोबर चाचणी केल्यासच हा गट उघड होतो. भारतात त्याचे प्रमाण साधारण दहा हजारांत एक असे सांगितले जाते.

## सुरक्षितता

सुई टोचल्याने यकृतदाह ब, यकृतदाह क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. लस न घेतलेल्या व्यक्तीस यकृतदाह ब विषाणूचा धोका 30 टक्क्यांपर्यंत, तर एचआयव्हीचा सुमारे 0.3 टक्के असतो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावणे हे अशा इजांचे एक प्रमुख कारण आहे. सुई टोचल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने धुतात, ती पिळत नाहीत आणि त्वरित कळवतात. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार सुया पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत आणि सुईविरहित सिरिंज लाल पिशवीत टाकतात.

## महाराष्ट्र व धाराशिव जिल्हा

नमुना घेण्याच्या पद्धतीचा परिणाम एका रुग्णापुरता मर्यादित राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रिया आणि 6 ते 59 महिने वयाची 68.9 टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. या सर्वेक्षणात बोटाच्या टोकातून रक्त घेतले होते. देशपातळीवर त्याच फेरीत बालकांतील प्रमाण 67.1 टक्के होते. मात्र शिरेतून रक्त घेणाऱ्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात (2016–18) 1 ते 4 वर्षे वयाच्या बालकांत ते सुमारे 41 टक्के आढळले. दोन्हींचे वयोगट, काळ व यंत्रे भिन्न असल्याने हे आकडे थेट तुलनीय नाहीत, तरी एवढ्या तफावतीमुळे थेंबभर रक्तावर आधारलेल्या मोजणीविषयी तज्ज्ञांत वाद झाला. पुढील फेरीतून रक्तक्षयाची मोजणी वगळण्यात आली.

धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी असे आठ तालुके आहेत. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत त्याचा समावेश आहे. येथे उन्हाळ्यात तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा हवामानात प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतलेला नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवताना शीतपेटी, संकलनाच्या वेळेची नोंद आणि वेळेवर वाहतूक यांना विशेष महत्त्व येते. नळी थेट बर्फाला टेकू नये याचीही काळजी घ्यावी लागते, कारण गोठलेल्या रक्तातील पेशी फुटतात.

रक्त केव्हा घेतले जाते यालाही महत्त्व असते. धाराशिव हा राज्यातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत गणला गेला आहे. या रोगाच्या परजीवीची सूक्ष्म पिल्ले दिवसा बहुतांशी फुफ्फुसांतील वाहिन्यांत असतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात उतरतात. म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री घरोघरी जाऊन बोटातील रक्ताच्या काचपट्ट्या घेतात. त्याच व्यक्तीचे रक्त दुपारी घेतल्यास काचपट्टी निर्दोष दिसू शकते आणि रोगाचा वाहक नजरेतून सुटतो.

विदर्भ व नंदुरबार या भागांत सिकलसेल आजाराची तपासणी महत्त्वाची आहे. तेथे विद्राव्यता चाचणीत सदोष आढळलेल्या नमुन्याची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी पद्धतीने खातरजमा करतात. रुग्णास अलीकडे रक्त दिलेले असल्यास नमुन्यात दात्याच्या पेशी असतात व निष्कर्ष चुकतो. त्यामुळे मागील तीन महिन्यांत रक्त घेतले होते का, ही नोंद नमुन्यासोबत पाठवणे आवश्यक असते.