एका आवारातली अनेक शास्त्रे : डेक्कन कॉलेज आणि आपला सीमाभाग



नवा रुग्ण समोर बसला की मी जे प्रश्न विचारतो त्यांत एक ठरलेला असतो. आई-वडील एकमेकांच्या नात्यातले आहेत का? पुण्याकडच्या डॉक्टरला याचे उत्तर बहुधा 'नाही' असे मिळेल, फार तर 'मामाची मुलगी केली' असे. आमच्या करजगीच्या पंचक्रोशीत तिसरे उत्तरही सहज येते : 'अक्कन मगळु', म्हणजे सख्ख्या थोरल्या बहिणीची मुलगी. एका गल्लीतल्या कानडी घरात ज्या लग्नाचे पेढे वाटतात, त्याच लग्नाचे नाव काढले तर शेजारच्या मराठी घरातली आजी कानांवर हात ठेवते. बी.एच.एम.एस. करताना हा प्रश्न विचारायला मला शिकवले गेले. उत्तर गल्लीगणिक का बदलते, हे मात्र कोणी शिकवले नाही.

ते मला पुष्कळ उशिरा कळले, इरावती कर्वे यांच्या पुस्तकातून. १९५३ साली निघालेल्या, भारतातील आप्तसंबंधांवरच्या त्या ग्रंथात त्यांनी देशाचे पट्टे पाडले आहेत. उत्तरेत मुलगी दूरच्या, परक्या घरी द्यायची. दक्षिणेत ती शक्यतो जुन्या नात्यातच फिरवायची. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये : बहुतेक जातींत मामेबहीण चालते, भाची चालत नाही. दक्षिणेचा आणि मधला पट्टा जिथे एकमेकांना भिडतात, तिथे माझा दवाखाना आहे. मग मला प्रश्न पडला, की या बाईंनी हे सगळे कुठे बसून लिहिले, आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत कोण बसत होते? आजचा हा लेख त्या शेजारच्या खोल्यांविषयी आहे.

पुण्याचे डेक्कन कॉलेज टिळक-आगरकरांच्या चरित्रांतून आपल्याला ठाऊक असते. १८२१ साली पेशव्यांच्या दक्षिणा निधीतला काही भाग वळवून इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली. तिचे पुढे कॉलेज झाले, १८६४ मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले, आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या आधाराने येरवड्याला दगडी इमारत उभी राहिली. इथवरची हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. १९३४ साली सरकारने काटकसरीपायी हे कॉलेज बंद केले, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. खर्च फार, उपयोग काय, असा तो हिशेब. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. देणगी ज्या हेतूने दिली तो हेतू सरकारला मोडता येणार नाही, असे म्हणत ते न्यायालयात गेले. १७ ऑगस्ट १९३९ रोजी दारे पुन्हा उघडली, ती संशोधनासाठी.

त्या वर्षी आणि त्यानंतर लगेच तिथे जमलेली माणसे पाहा. सुमित्र मंगेश कत्रे भाषाशास्त्राचे. हसमुख धीरजलाल सांकलिया पुरातत्त्वाचे. बर्लिनला कवट्यांची मापे घेऊन डॉक्टरेट मिळवलेल्या इरावतीबाई समाजशास्त्राला. त्र्यंबक शंकर शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासाला. चि. रा. शंकरन द्राविडी भाषांना. पगार बेताचे, खोल्या मोजक्या. शब्द, मडकी, लग्ने, बखरी यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणालाही वाटले असते. मलाही वाटले होते.

संबंध पाहायचा तर नेवाशाला जाऊ. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्याच गावी, प्रवरेकाठी, १९५४ पासून सांकलियांनी उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांच्या आत दोऱ्याचे बारीक तुकडे टिकून राहिले होते. पुरातत्त्वज्ञाला दोरा दिसतो, पण तो कशाचा हे सांगता येत नाही. म्हणून तो वस्त्रतंतूंचे तज्ज्ञ ए. एन. गुलाटी यांच्याकडे गेला. मोहेनजोदडोच्या कापसाची तपासणी करणारे ते हेच गृहस्थ. त्यांना त्या तुकड्यात कापूस दिसला आणि रेशीमही. डेक्कन कॉलेजने १९६१ साली जो तांत्रिक अहवाल छापला त्यात गुलाटींचा दोरा आहे, जूलिएट क्लटन-ब्रॉक यांनी तपासलेली जनावरांची हाडे आहेत आणि विष्णु-मित्र यांनी तपासलेली धान्येही आहेत. एका पुठ्ठ्यात तीन शास्त्रे. कापूस पिकवणाऱ्या आपल्या काळ्या मातीतल्या माणसाला ही बातमी सांगून पाहा, तो हातातले काम थांबवून ऐकतो. मी सांगून पाहिली आहे.

मला सर्वांत जवळचे वाटते ते इनामगाव. शिरूर तालुक्यातले हे गाव घोड नदीवर आहे. घोड भीमेला मिळते, आणि भीमा पंढरपूर करून आपल्या अफजलपूर तालुक्यात उतरते. म्हणजे इनामगावचे लोक आपल्याच नदीच्या वरच्या अंगाचे शेजारी, फक्त तीन हजार वर्षांपूर्वीचे. १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी तिथे एक सबंध वस्ती उकलली. सुरुवातीला चौकोनी घरे, नदीचे पाणी वळवणारा पाट, दगडमातीचा बांध, सातूचे पीक. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवा कोरडी होत गेली, असे उत्खननकर्त्यांनी मांडले. घरे लहान आणि गोल झाली, शेती घटली, लोक शिकारीकडे आणि फिरस्तीकडे वळले. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला ही चित्रे समजावून सांगावी लागत नाहीत.

आणि ती पुरलेली मुले. घराच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, त्यांत तान्हे मूल. अशी दफने तिथे थोडीथोडकी नव्हेत, दोनशेच्या वर आहेत. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखाली पाय तोडत, बहुधा मेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून. मात्र चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलेल्या एका पुरुषाचे पाय शाबूत आहेत. तो वस्तीचा प्रमुख असावा, असे उत्खननकर्त्यांचे मत. मुलीला भेटायला पुण्याला गेलो असताना कॉलेजच्या संग्रहालयात ही मडकी पाहत मी बराच वेळ उभा होतो. लहान मुलाला अग्नी न देता पुरायचे, हे आपल्याकडे आजही चालते. चाळीस वर्षांच्या व्यवसायात अशा घरी मला जावे लागले आहे. तिथे काय बोलायचे हे कोणतेही शास्त्र शिकवत नाही.

इतकी बालके एका जागी मिळाली तेव्हा काम वैद्यकाच्या अंगणात आले. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाच यांनी हाडे व दात तपासून १९८६ साली स्वतंत्र खंड काढला. दुधाच्या दातांचे एनॅमल गर्भात आणि पहिल्या काही महिन्यांत तयार होते. त्या काळात आई वा बाळ आजारी पडले, उपाशी राहिले, तर एनॅमलवर खूण राहते आणि ती पुन्हा बुजत नाही. ज्या आईचे नाव कोणालाच ठाऊक नाही, तिचे बाळंतपण कसे गेले हे तिच्या बाळाच्या दातावरून वाचता येते! पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधिकेने हीच बालके पुन्हा तपासली, त्यांच्या हाडांच्या वाढीवरून हवामानबदलाचा प्रश्न नव्याने मांडला, आणि तिचे पुस्तक २०११ साली आले. १९६८ साली कुदळ चालवताना हवामानबदल हा शब्द किती जणांच्या तोंडी असेल? प्रश्न नंतर आला. हाडे जपून ठेवली होती म्हणून त्याला समोर काहीतरी सापडले.

आता आपल्या आणखी जवळ येऊ. शोरापूर-हुणसगी हा भाग २००९ अखेरपर्यंत गुलबर्गा जिल्ह्यातच होता, आता यादगिरीत आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी कित्येक वर्षे पायी फिरून अश्मयुगीन हत्यारांची शेकडो ठिकाणे नोंदवली. इसामपूरला तर चुनखडीच्या फरश्या फोडून हातकुऱ्हाडी घडवण्याची जागाच मिळाली. तिचा काळ ठरवायला पुन्हा दातच उपयोगी पडले : गवत खाणाऱ्या जनावरांच्या दातांचे एनॅमल परदेशी प्रयोगशाळेत तपासले गेले आणि सुमारे १२ लाख वर्षे हा आकडा आला. ज्या जिल्ह्याला सरकारी कागदांत नेहमी 'मागास' म्हणतात, त्याची ही वयाची नोंद!

भाषेचे सांगायचे राहिले, आणि आमच्या जैन मंडळींना ते लागू आहे. सांगलीजवळच्या कुपवाड गावात जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. गंपर्झ पूर्वी डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्राच्या प्रकल्पात येऊन गेलेले. कुपवाडात जैन शेतकरी घरी कानडी बोलत, मुसलमान उर्दू, इतर काही जण मराठी. शतकानुशतके शेजार होऊनही कोणी आपली घरची भाषा सोडली नव्हती. पण तिन्ही भाषांची वाक्ये इतकी एकसारखी झाली होती, की एका भाषेतला शब्द काढून त्या जागी दुसरीतला ठेवला की भाषांतर झाले! मी वाचले आणि हसलो. परवाच एका बाईंनी तक्रार सांगितली होती, 'डॉक्टर, पाय जुम् म्हणतंय.' मराठीत पायाला मुंग्या येतात, पाय काही 'म्हणत' नाही. कानडीत मात्र तो 'जुम्' म्हणतो. बाईंचे वाक्य मराठी, बांधणी कानडी, आणि मला निदानाला एक क्षणही अडचण आली नाही.

त्याच आवारात कत्र्यांनी १९४८ मध्ये संस्कृतचा महाकोश हाती घेतला. सुमारे १५०० ग्रंथांतून, त्यांत वैद्यकाचेही, शब्द वेचून कोटीच्या घरात चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. पहिला भाग अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ साली निघाला. अर्धमागधी शिकणाऱ्या आमच्या लोकांना घाटगे हे नाव व्याकरणामुळे परिचयाचे आहे. दशके उलटली तरी छापील खंड अजून 'अ'पासून सुरू होणाऱ्या शब्दांतच आहेत. यावर लोक विनोद करतात. मी पूर्वी करत असे.

आता करत नाही, त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी दवाखाना बदलला तेव्हा माझ्या पंचवीस वर्षांच्या रुग्णनोंदींच्या वह्या मी रद्दीत घातल्या. जागा नव्हती, वाळवी लागू पाहत होती, आणि मनात तोच १९३४चा हिशेब : आता यांचा उपयोग काय? त्या वह्यांत कोणत्या घरात कोणाचे लग्न कोणत्या नात्यात झाले ते होते. कोणत्या उन्हाळ्यात कोणत्या गल्लीत जुलाब पसरले ते होते. लोकांनी दुखणे ज्या शब्दांत सांगितले ते शब्द जसेच्या तसे होते, कारण होमिओपॅथीत रुग्णाचा शब्द बदलायचा नसतो. समाजशास्त्र, रोगांचा इतिहास आणि भाषा, तिन्ही एकाच दोरीने बांधून रद्दीवाल्याच्या तराजूवर ठेवली गेली. कोणी मागितली असती तर दिली असती का, सांगता येत नाही. पण मागायला कोणी यावे एवढा वेळ मी त्यांना दिला नाही.

डेक्कन कॉलेजला १९९० साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आपल्या कलबुर्गीला १९८० पासून विद्यापीठ आहे, तिथे पदार्थविज्ञानापासून कन्नडपर्यंत विभाग आहेत. सीमाभागातली मराठी, कानडी आणि दखनी एका ओसरीवर बसून तपासायला यापेक्षा सोयीची जागा नाही, असे माझे मत आहे, मग ते काम कोणत्याही भाषेत लिहिले जावो. आपल्या साहित्यसंस्थांनी दरवर्षी संमेलनाच्या मांडवावर जो खर्च होतो त्यातला थोडा या कामी वळवावा, हेही माझे मत. ते काहींना रुचणार नाही.

मी स्वतः गेल्या दिवाळीपासून नवी वही घातली आहे. रुग्णाचे नाव त्यात लिहीत नाही; वय, गाव, घरची भाषा आणि दुखण्याचा शब्द एवढेच. 'जुम् म्हणतंय' हा पहिल्या पानावर आहे. त्याखाली 'ठणकतंय', 'चमक मारतीय', 'उरि उठलीय'. शेवटचा शब्द एका मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितला. त्यातला 'उरि' कानडी, म्हणजे आग. त्याला विचारले, हा शब्द कुठून आणला? तो म्हणाला, 'आणला कुठून? आमचाच हाय की.'