चार हातांचा प्रक्रियक

समजा, सापगावच्या शाळेतील ६४ मुलांना गुरुजींनी मैदानावर आठ ओळींत, दर ओळीत आठ, असे बसवले. एका लांबलचक गणिताचे ६४ तुकडे करून प्रत्येकाला एकेक दिला. अट एकच : चिठ्ठी द्यायची ती फक्त पुढच्या, मागच्या, डाव्या किंवा उजव्या शेजाऱ्याला. एका कोपऱ्यातील चिठ्ठी समोरच्या तिरक्या कोपऱ्यात पोचायला किती टप्पे लागतील? सात आडवे आणि सात उभे, म्हणजे चौदा.

आता प्रत्येक ओळीतील पहिल्या आणि शेवटच्या मुलाला दोरीने जोडा. उभ्या रांगांचेही तसेच करा. दोरीवरूनही चिठ्ठी पाठवता येते असे माना. मग कोणत्याही दोन मुलांमध्ये आठांहून अधिक टप्पे उरत नाहीत. मुले तीच, गणित तेच. बदलली फक्त जोडणी.

नेमका हाच प्रश्न पुण्यात महासंगणक बांधणाऱ्यांपुढे होता. १९८०च्या दशकात परदेशी महासंगणक मिळवताना निर्यातीवरील कडक निर्बंध आड येत. १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. एकच अतिवेगवान प्रक्रियक बनवण्याऐवजी बाजारात मिळणारे अनेक लहान प्रक्रियक एकत्र राबवायचे, असे ठरले. ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचा 'ट्रान्सप्यूटर' त्यासाठी सोयीचा होता, कारण शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी त्याला चार जोड होते. जणू चार हातच! १९९१ मध्ये ६४ प्रक्रियकांचा 'परम ८०००' तयार झाला. त्यातील जोडणी गणिताच्या गरजेनुसार बदलता येत असे.

पण हात चारच असल्याने निवड करावी लागे. ६४ प्रक्रियक सहा मितींच्या घनासारखे जोडले, तर सर्वांत लांबचे अंतर अवघे सहा टप्पे होते. मात्र त्यासाठी प्रत्येकाला सहा हात हवेत. आपल्या दोरीच्या रचनेत चारही हात गुंततात. मग बाहेरून माहिती आत घ्यायची कशी? त्यासाठी कुठेतरी एक दोरी सोडावीच लागते.

या मर्यादेची किंमत आकड्यांत दिसते. २५६ प्रक्रियकांच्या 'परम'चा कागदावरचा वेग सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडींचा होता. प्रत्यक्षात सातत्याने मिळे तो दहा ते वीस कोटींचा. उरलेला बराच वेळ चिठ्ठीची वाट पाहण्यात जाई. प्रक्रियक चौपट केले की काम चौपट वेगाने होईल, हे त्रैराशिक इथे चालत नाही.

सोळा वर्षांनंतर, नोव्हेंबर २००७ मध्ये, पुण्यातीलच 'एका' हा टाटा समूहाचा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला. सेकंदाला सुमारे १७१ लाख कोटी आकडेमोडींची क्षमता, आणि चाचणीत मिळालेला वेग सुमारे ११८ लाख कोटींचा. चाचण्या वेगळ्या असल्याने 'परम'शी थेट तुलना करू नये. तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 'एका'ची कपाटे सरळ रांगांत न मांडता जवळजवळ वर्तुळाकार मांडली होती. मांडणी अशी एकवटली की तारांची लांबी कमी होते. गुरुजींनी मुलांना गोल करून बसवावे, तसेच हे.

आजच्या सर्व्हरमध्येही हाच धडा लागू पडतो. प्रक्रियकाला स्मृतीकडे जाणारे आठ मार्ग असतील, तर एकाच मार्गावर एक मोठी स्मृतिपट्टी बसवण्यापेक्षा आठही मार्गांवर आठ सारख्या लहान पट्ट्या बसवणे चांगले. एकूण स्मृती तितकीच राहते, पण सात मार्ग रिकामे पडून राहत नाहीत.

पुढच्या तासाला हा खेळ वर्गात करून पाहा. मुलांना आधी अंदाज सांगू द्या, मग टप्पे मोजू द्या. यंत्राचे बळ त्याच्या भागांत जितके असते, तितकेच ते भाग एकमेकांना कसे जोडले आहेत यातही असते, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.