बूलचं बीजगणित स्विचपर्यंत कसं पोहोचलं?

मंडळी, ‘जॉर्ज बूलने संगणकाचा पाया घातला’ असं आपण अगदी सहज बोलून जातो. आज या वाक्यापाशी जरा थांबू. बूल वारला १८६४ साली. तेव्हा घरोघरी विजेचे दिवेसुद्धा नव्हते. मग त्याने पाया घातला तो नेमका कशाचा?

बूलचा जन्म १८१५ मधला, इंग्लंडमधल्या लिंकन गावचा. वडील जोडे शिवायचे. विद्यापीठाची पदवी नाही, गणित बरंचसं स्वतःच शिकलेला. तरीही १८४९ मध्ये तो आयर्लंडमधल्या कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. १८४७ मध्ये छोटं पुस्तक आणि १८५४ मध्ये मोठा ग्रंथ लिहून त्याने एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला: माणूस तर्क करतो त्याचे नियम बीजगणितासारखे मांडता येतील का?

त्याची युक्ती बघा. ‘क्ष’ म्हणजे पांढऱ्या वस्तू. त्यांतून पुन्हा पांढऱ्या निवडल्या तर हाती काय येतं? त्याच वस्तू! म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. आपल्या नेहमीच्या संख्यांपैकी फक्त दोघींना हे लागू पडतं: ० आणि १. बूलच्या लेखी ० म्हणजे काहीच नाही आणि १ म्हणजे सगळं.

आज आपण शिकतो ते मात्र जसंच्या तसं बूलचं नाही. एकमेकांत न मिसळणाऱ्या गटांचीच तो बेरीज करायचा. ‘क्ष अधिक क्ष बरोबर क्ष’ हा नियम आणला विल्यम जेव्हन्सने.

मग वीज कुठून आली? १८८६ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्सने आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला पत्रातून सुचवलं, की तर्काची कामं विजेच्या स्विचांनी करता येतील. पण ती गोष्ट पत्रातच राहिली, कारण गरज नव्हती.

गरज उभी केली टेलिफोन एक्स्चेंजने. तिथे असायचे रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडमीट होणारे स्विच. त्यांची जोडणी अनुभवाने, करून बघत ठरायची. १९३० च्या दशकात जपानमध्ये अकिरा नाकाशिमा, सोव्हिएत युनियनमध्ये व्हिक्टर शेस्ताकोव्ह आणि अमेरिकेत क्लॉड शॅनन, तिघंही एकाच उत्तराकडे आले. शॅननने मिशिगन विद्यापीठात शिकताना बूलचं तर्कशास्त्र वाचलेलं होतं. १९३७ च्या प्रबंधात त्याने ते रिलेंना लावलं.

आजच्या पद्धतीने सांगायचं तर, दोन स्विच एकामागोमाग जोडले की गुणाकार, समांतर जोडले की बेरीज. आता एखाद्या मंडलाचं सूत्र लिहा: ‘अ आणि ब’ किंवा ‘अ आणि ब-नाही’. बीजगणित सांगतं, हे नुसतं ‘अ’ आहे. म्हणजे ब चे स्विच काढून टाका, काम तेच होईल. जे आधी तारा जोडून तपासावं लागे, ते आता कागदावर सुटू लागलं. आपल्या मोबाइलमधल्या चिपची रचनाही याच नियमांवर उभी आहे.

तेव्हा बूलने संगणकाचा पाया घातला, असं म्हणताना एक्स्चेंजमधल्या त्या रिलेंना विसरू नका. आणि कुणी एखाद्या गणिताबद्दल ‘याचा उपयोग काय?’ असं विचारलं, तर १८५४ ते १९३७ ही त्र्याऐंशी वर्षं आठवा. त्या काळात हा प्रश्न कुणीही विचारू शकलं असतं.