जुन्या लोखंडास नवी बुद्धि

बरणींत तेल ओततांना आपण काय करतों, याचा कधीं विचार केला आहे काय? डोळा पातळीवर खिळलेला असतो. ती खालीं आहे तोंवर हात डबा अधिक कलवितो, काठाजवळ आली कीं धार बारीक करितो आणि बरणी भरतांच थांबतो. हवें किती आणि झालें किती, यांतील अंतर पाहून हाताला हुकूम द्यावयाचा, एवढेंच यांत आहे. यंत्रविद्येंत अशा रचनेला ‘सर्व्हो’ म्हणतात. लॅटिन भाषेंत दास या अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरून हें नांव पडलें. हा दास एका जुन्या यंत्राच्या सेवेस कसा लागला, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत ट्रॅव्हर्स सिटी नांवाचें गांव आहे. तेथें जॉन पार्सन्स या कारखानदाराकडे हेलिकॉप्टरचीं पातीं बनविण्याचें काम होतें. गृहस्थ पदवीधर नव्हते. कारखाना हीच त्यांची शाळा. पात्याच्या वक्राकृतीचे १७ बिंदु आराखड्यांत दिलेले असत. मधली रेषा हातानें जुळवून घ्यावी लागे. पार्सन्स आणि त्यांचे अभियंते फ्रँक स्ट्यूलेन यांनीं छिद्रपत्रांवर गणित करणाऱ्या यंत्राकडून १७ ऐवजीं २०० बिंदु काढविले. मग यंत्रापाशीं माणसें उभीं राहिलीं. एकानें आंकडे मोठ्यानें वाचावे, इतरांनीं आपापलें हातचाक तितकेंच फिरवून कर्तक त्या जागीं न्यावा आणि खालीं उतरवावा. जुन्या गांवठी शाळेंतील पाढ्यांची आठवण व्हावी असाच हा प्रकार! पण त्यांतूनच पुढची कल्पना निघाली. माणूस आंकडे ऐकून चाक फिरवितो, तर चाकालाच आंकडे कां कळूं नयेत?

१९४९ सालीं हवाई दलानें या कामासाठीं पार्सन्स यांच्याशीं करार केला आणि त्यांनीं मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयाच्या सर्व्होयंत्रणा प्रयोगशाळेची मदत घेतली. ही प्रयोगशाळा १९४० सालीं गॉर्डन ब्राऊन यांनीं सुरू केली होती. युद्धकाळांत तोफांचा नेम आपोआप साधण्याची विद्या तिनें हस्तगत केली होती. आतां तोफेच्या जागीं आलें सिनसिनाटी कंपनीचें ‘हायड्रोटेल’ नांवाचें उभ्या कण्याचें मिलिंग यंत्र. त्याचें ओतीव धूड तसेंच ठेविलें. जुनी चालना काढून तिन्ही दिशांच्या स्क्रूंना नव्या सर्व्होचालना जोडल्या. हुकूम लिहिले होते छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवर. एका विद्युत्‌स्पंदासरशीं कर्तक अर्धा सहस्रांश इंच सरके, आणि तो खरोखर तेवढा सरकला कीं नाहीं याची खबर उलट परत येई. पांच भल्यामोठ्या कपाटांत निर्वात नळ्या खच्चून भरल्या होत्या. यंत्रापेक्षां त्याचा मेंदूच अधिक जागा अडवून बसला! सप्टेंबर १९५२ मध्यें हें यंत्र लोकांपुढें चालवून दाखविण्यांत आलें.

परंतु कारागिराचें काय? येथें दुसराहि मार्ग होता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९४६-४७ च्या सुमारास निराळी युक्ति काढली होती. कुशल कारागिरानें एक नग हातानें करावा, त्याच्या सर्व हालचाली चुंबकीय फितीवर उतराव्यात, आणि पुढील नग यंत्रानें त्या फितीबरहुकूम करावे. गवयाची तबकडी काढावी तसेंच हें. त्यांत विद्येचा उगम कारागिराच्या हातींच राहिला असता. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनीं १९८४ च्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, आंकड्यांचा मार्ग विजयी झाला तो केवळ श्रेष्ठ म्हणून नव्हे. कामाची सत्ता कारागिराकडून काढून कचेरींत नेण्याची व्यवस्थापकांची आणि सैन्याची इच्छाहि त्यामागें होती. हवाई दलानें पुढें अशीं शंभरांहून अधिक यंत्रें स्वखर्चानें घेऊन कारखान्यांना दिलीं, हें पाहिलें म्हणजे या आक्षेपांत तथ्य नाहीं असें म्हणवत नाहीं. तथापि मला वाटतें, नोबल यांनीं एका गोष्टीचें वजन कमी धरलें. विमानाच्या पंखाचे कांहीं वक्र असे आहेत कीं ते निष्णात हातालाहि प्रथम एकदां साधावयाचे नाहींत. आणि जें हातानें झालेंच नाहीं त्याची तबकडी कोठून काढणार?

गंमत अशी कीं, हातचें काम गेलेल्यांत प्रथम नंबर लागला तो खुद्द पार्सन्स यांचाच. त्यांना साधें, स्वस्त यंत्र हवें होतें; प्रयोगशाळेला विद्येचा विस्तार हवा होता. खर्च वाढला, त्यांचा पैसा संपला, आणि विद्यालयानें हवाई दलाशीं परस्पर करार करून काम पुढें नेलें. पार्सन्स आणि स्ट्यूलेन यांनीं मे १९५२ मध्यें, म्हणजे त्या जाहीर प्रयोगाच्या आधींच, पेटंटाचा अर्ज करून ठेविला होता. तें १४ जानेवारी १९५८ रोजीं मंजूर झालें. अमेरिकन सरकारचें राष्ट्रीय तंत्रविद्यापदक त्यांना मिळालें तें १९८५ सालीं.

आज पांच कपाटांचें काम तळहाताएवढी पाटी करिते, म्हणून जुन्या यंत्रांना अशी जोड देणें लहान कारखान्यांनाहि परवडतें. यंत्राचा सांगाडा उत्तम असला तरी आट्यांतील ढिलाई सर्व्होला चालत नाहीं. चाक उलटें फिरविलें कीं क्षणभर कांहींच हालत नाहीं, आणि दास गोंधळतो. तेव्हां जुने स्क्रू काढून गोळ्यांवर फिरणारे नवे बसवितात. हातचाकेंहि बहुधा काढून टाकतात. मात्र त्यांच्या जागीं तारेला बांधलेलें एक छोटें विजेचें हातचाक ठेवतात. काम सुरू करण्यापूर्वीं कारागीर तें हळूंहळूं फिरवून कर्तक धातूला जेमतेम टेकवितो, आणि शून्य कोठें धरावयाचें तें यंत्राला सांगतो.