‘बाबासाहेबांनीच दहा वर्षं सांगितली होती’: एक राहिलेली दुरुस्ती

(पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा.)

परवा चौकातल्या टपरीवर चहा घेत होतो. पोलीस भरतीची यादी लागली होती. दोन पोरं बसली होती, दोघंही दोन वर्षं पहाटे पाचला एकाच मैदानावर पळणारी. एकाचं नाव राखीव जागेतून आलं, दुसऱ्याचं थोडक्या मार्कांनी गेलं. ज्याचं गेलं त्याची समजूत काढायला गावातले एक जाणते गृहस्थ पुढे सरसावले आणि म्हणाले, "अरे, बाबासाहेबांनीच दहा वर्षं सांगितली होती. पुढे यांनी मतांसाठी वाढवत नेलं."

ज्याचं नाव लागलं होतं तो काही बोलला नाही. अर्धा कप तसाच ठेवून उठून गेला. मीही बोललो नाही. कारण हेच वाक्य मी स्वतः छापलेलं आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दैनिकात तालुक्याचं सदर लिहायचो. घटनाकारांनी आरक्षणाला दहाच वर्षांची मुदत घातली होती आणि हे सगळे सोयीस्कर विसरतात, असं ठोकून दिलं होतं. कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. भाषणांत ऐकलं होतं. सगळेच म्हणत होते, त्यामुळे तपासावंसं वाटलं नाही.

दोन दिवसांनी एक निवृत्त शिक्षक ऑफिसात आले. कापडी पिशवीत महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या ‘लेखन आणि भाषणे’ मालेचा तेरावा खंड. चिडले नव्हते. खुणेची चिठ्ठी घातलेलं पान उघडून समोर ठेवलं आणि म्हणाले, "वाचा, मग दुरुस्ती छापा." मी वाचलं. दुरुस्ती मात्र छापली गेली नाही. ‘जुनं झालं, सोडा आता’ असं वरून सांगितलं गेलं, आणि मीही सोडलं. सर मागच्या वर्षी गेले. ती दुरुस्ती आज इथे करतोय.

तर आधी मुद्द्याचं. राज्यघटनेत दहा वर्षांची मुदत होती, हे खरं. पण ती कलम ३३४ मध्ये होती, आणि ती लोकसभा व विधानसभांतल्या राखीव मतदारसंघांना होती. नोकरीतल्या आरक्षणाचं कलम वेगळं आहे, १६(४). त्यात मुदतच नाही. शिक्षणातल्या आरक्षणाचं कलम १५(४) तर मूळ घटनेत नव्हतंच. मद्रास प्रांतातल्या प्रवेशांचं चंपकम दोराईराजन प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, सरकार हरलं, आणि मग १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत ते कलम आलं. तेव्हा कायदामंत्री बाबासाहेबच होते. त्यातही मुदत नाही. म्हणजे भरतीची यादी पाहून रडणाऱ्या पोराला जे ‘दहा वर्षं’ ऐकवलं जातं, त्याचा त्याच्या यादीशी संबंध नाही. ती मुदत आमदार-खासदारांच्या जागांची होती. १९५९ पासून आजवर ती सात वेळा वाढवली गेली, नेहरूंच्या काळात, इंदिरा गांधींच्या, व्ही. पी. सिंगांच्या, वाजपेयींच्या, मनमोहन सिंगांच्या आणि २०१९ मध्ये मोदींच्या काळातही. आता ती २०३० पर्यंत आहे.

बरं, ती दहा वर्षं तरी बाबासाहेबांची होती का? सरांनी चिठ्ठी घातलेलं पान नेमकं तेच होतं. २५ ऑगस्ट १९४९ ची चर्चा. बाबासाहेब उभं राहून सांगतात की माझी स्वतःची तयारी यापेक्षा जास्त काळ मागायची होती. कारणही देतात, आणि ते हिशेबाचं आहे. मुसलमानांना खास प्रतिनिधित्व १८९२ पासून मिळू लागलं. अनुसूचित जातींना ते १९३५ च्या कायद्याने मिळालं, अंमल १९३७ ला आला, आणि १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर सगळं ठप्प झालं. म्हणजे हातात आली जेमतेम दोन वर्षं. सभागृहाने जास्त मुदत दिली असती तर ते मनाचा मोठेपणा ठरलं असतं, असं ते म्हणतात. पण सभेने दहा वर्षं मान्य केली आहेत, अनुसूचित जातींच्या सभासदांनीही मान्य केली आहेत, आता मागे फिरणं बरोबर नाही, म्हणून मी तक्रार करत नाही, हेही म्हणतात. दहा वर्षांनी परिस्थिती सुधारली नाही तर हे लोक नवा मार्ग शोधण्याइतके हुशार आहेत, असंही सुनावतात. आदिवासींसाठी तर याहून कितीतरी जास्त काळ द्यायला ते तयार होते. आणि दहा वर्षांत सगळं संपलंच पाहिजे म्हणून आग्रह धरणाऱ्यांना एडमंड बर्कचा दाखला देऊन कोत्या मनाबद्दल टोलाही हाणतात.

म्हणजे नाइलाजाने मान्य केलेली तडजोड आपण त्यांची इच्छा म्हणून सांगत आलो. मीसुद्धा.

इथे थांबलो असतो तर एका बाजूचे मित्र टाळ्या वाजवून निघून गेले असते. पण त्याच खंडात ३० नोव्हेंबर १९४८ चं भाषण आहे. मी ते सरांपुढेच वाचलं आणि त्यांना विचारलं, "याचं काय?" सर हसले. "तेही छापा," म्हणाले.

त्या दिवशी चर्चा नोकऱ्यांच्या कलमावर होती. बाबासाहेब म्हणतात, आम्हाला तीन मतांचा मेळ घालायचा होता. सर्वांना समान संधी हवी, हे एक. कुठल्याही समाजासाठी राखीव जागा नकोत, हे दुसरं. आणि जे समाज आजवर कारभाराच्या बाहेर राहिले त्यांच्यासाठी तरतूद हवी, हे तिसरं. मग ते उदाहरण देतात: शंभरातल्या सत्तर जागा राखीव केल्या आणि तीसच खुल्या ठेवल्या, तर समान संधीचं तत्त्व उरलं असं कुणी म्हणेल का? त्यांच्या मते नाही. म्हणून राखीव जागा एकूण जागांच्या अल्प भागातच असाव्यात. पुढे १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात ५० टक्क्यांची मर्यादा पक्की झाली, तेव्हा न्यायाधीशांनी याच भाषणाचा आधार घेतला. ५ मे २०२१ ला आपल्या राज्याचा मराठा आरक्षणाचा कायदा रद्द झाला तो याच मर्यादेवर आपटून. हे भाषण आमच्याकडच्या कुठल्याच स्टेजवरून ऐकल्याचं मला आठवत नाही. मर्यादा उठवा म्हणणारे बाबासाहेबांचा फोटो मागे लावतात, आरक्षण संपवा म्हणणारेही लावतात. पान कुणीच उघडत नाही.

आणि ‘मागास’ कोण, हे मात्र बाबासाहेबांनी त्या भाषणात ठरवलं नाही. ते त्या त्या सरकारवर सोडलं. हे कलम म्हणजे वकिलांचं नंदनवन होईल, असं टी. टी. कृष्णम्माचारी म्हणाले होते. त्यावर, प्रकरण कोर्टात गेलंच तर सरकार शहाण्यासारखं वागलं की नाही ते कोर्ट पाहील, असं उत्तर. म्हणजे आजचं भांडण मिटवणारा तयार निकाल तिथे नाही.

‘संविधान मी जाळीन’ हे त्यांचं विधानही असंच फिरतं. २ सप्टेंबर १९५३ ला राज्यसभेत ते रागाने बोलले होते, खरं आहे. पण १९ मार्च १९५५ ला त्याच सभागृहात त्यांना त्याबद्दल छेडलं गेलं, तेव्हा त्यांनी खुलासा केला: देवासाठी देऊळ बांधलं आणि देव बसायच्या आत राक्षसांनी ते बळकावलं, तर दुसरं काय करायचं? पहिलं वाक्य महिन्यातून एकदा तरी मोबाईलवर येतं. दुसरं मला आजवर कुणी पाठवलेलं नाही. (नेहरू-पटेल तर वेगळंच प्रकरण आहे. त्यावर लिहायला बसलो तर दिवाळी अंक होईल.)

एका गोष्टीची मात्र मला मोठी गंमत वाटते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतःच एका दुसऱ्या देशाच्या संस्थापकाचा दाखला दिलाय, अमेरिकेच्या जेफरसनचा. आणि कशासाठी? तर प्रत्येक पिढी म्हणजे जणू वेगळं राष्ट्र, तिला मागच्या पिढीने बांधून ठेवू नये, हे सांगण्यासाठी. म्हणूनच घटना बदलण्याची सोय आपण फार अवघड ठेवलेली नाही, असं ते सांगतात. त्याच भाषणात मिलचा हवाला देऊन बजावतात की माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हेही तिथलंच.

टपरीवरच्या दोन्ही पोरांना मी काल या पानांचे फोटो पाठवले, सोबत मराठीत चार ओळींत सार. ज्याचं नाव लागलं त्याने रात्री फोन केला, बराच वेळ बोलला. ज्याचं गेलं त्याने एवढंच लिहिलं: "सर, समजलं. पण माझं काय?"

त्याचं उत्तर १९४९ च्या भाषणात नाही. आपल्या जिल्ह्यात मंजूर पदं किती, रिकामी किती, गेल्या पाच वर्षांत भरली किती आणि एका जागेमागे अर्ज किती आले, यासाठी मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. आकडे हाती आले की इथेच टाकतो, यावेळी तपासून.